टांग न मारता बसायची सायकल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली आठ वर्षे मी पुण्याच्या पेठांतून, डेक्कनवरून आणि कोथरूडच्या बाजूला जी सायकल चालवतो, तिला सीटपासून हँडलपर्यंत जाणारी आडवी दांडी नाही. दुकानात तिला सरळ ‘लेडीज’ म्हणतात. सिग्नलला शेजारी उभे राहणारे स्कूटरवाले, सोसायटीतले शेजारी आणि साठी ओलांडल्यावर पुन्हा सायकल घ्यावी की काय, अशा विचारात असलेले मित्र त्याच त्या गोष्टी विचारत असल्याने उत्तरे एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत.

ही सायकल नेमकी कोणत्या प्रकारची?

जेन्ट्स सायकलीच्या सांगाड्यात वरची दांडी जमिनीला जवळजवळ समांतर असते, आणि स्वाराला तिच्यावरून पाय पलीकडे न्यावा लागतो. या सायकलीत ती दांडी हँडलच्या मानेपासून तिरकी होऊन सीटच्या खाली, पायडलच्या बरीच जवळ उतरते, त्यामुळे मधली जागा मोकळी राहते आणि पाय त्या मोकळ्या जागेतून पलीकडे टाकता येतो. काही सायकलींत अशा दोन समांतर नळ्या असतात, तर काहींत एकच जाड नळी बाक देऊन वळवलेली असते. मी ज्या सायकलीविषयी लिहितो आहे ती पोलादी सांगाड्याची, २६ इंची चाकांची, पूर्ण मडगार्ड, चेनकव्हर, स्प्रिंगांची रुंद सीट, कॅरिअर आणि डबल स्टँड असलेली, सुमारे वीस किलो वजनाची आहे. शाळकरी मुलींसाठी मिळणाऱ्या हलक्या, रंगीत, टोपलीवाल्या सायकली दिसायला तिच्यासारख्या असल्या तरी सांगाड्याची जाडी आणि कॅरिअरची मजबुती पाहिली की फरक लक्षात येतो.

या आकाराला वय बरेच आहे. जे. के. स्टार्ली यांची ‘रोव्हर’ ही दोन सारख्या चाकांची सायकल १८८५ मध्ये इंग्लंडात आली, आणि त्यानंतर पाचएक वर्षांतच स्त्रियांच्या घोळदार झग्यांसाठी दांडी खाली वळवलेल्या सायकली निघाल्या. नेदरलँड्समध्ये अशा काळ्या, जड सायकलीला ‘ओमाफीट्स’, म्हणजे आजीची सायकल म्हणतात. जपानमध्ये तिची धाकटी बहीण ‘मामाचारी’ या नावाने ओळखली जाते. मराठी कानाला त्यात मामा ऐकू येत असला, तरी तिथली ही ‘मामा’ म्हणजे आई आहे.

टांग मारावी न लागण्याने एवढा काय फरक पडतो?

फरक चालवताना फारसा पडत नाही, तो थांबताना पडतो, आणि शहरात सायकलस्वाराचा निम्मा उद्योग थांबण्याचा व पुन्हा निघण्याचाच असतो. सदाशिव पेठेतून मंडईपर्यंतचे अंतर दीड-दोन किलोमीटरचे आहे. तेवढ्यात सिग्नल लागतात, कडेला लावलेल्या मोटारीचे दार उघडते, पीएमपीची बस थांब्याच्या अलीकडेच थांबते, हातगाडी आडवी येते, कोणी ओळखीचे हाक मारते आणि घरून निघताना आठवलेले नसते असे काहीतरी वाटेतल्या दुकानात दिसते. अशा प्रत्येक वेळी जेन्ट्स सायकलीवरचा माणूस एक लहानसा हिशेब करतो, की पूर्ण उतरायचे, की दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून ताटकळत राहायचे, की तोल सांभाळत हळूहळू पुढे सरकायचे. या सायकलीवर तो हिशेबच उरत नाही. ब्रेक लावायचा, सीटवरून पुढे सरकायचे आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवून सरळ उभे राहायचे. उतरायचे असेल, तर एक पाय उचलून बाजूला आणायचा, एवढेच.

आणखी एक गोष्ट विकत घेताना कोणाच्या लक्षात येत नाही. कॅरिअरवर सामान असेल, किंवा मागे लहान मूल बसलेले असेल, तर टांग मारायला जागाच नसते. जेन्ट्स सायकलीवर मागे पोते बांधून निघणाऱ्या माणसाला एक तर पाय पुढून, दांडीवरून घ्यावा लागतो, किंवा सायकल कलती करून कसरत करावी लागते. दूध, पेपर आणि पाव पोहोचवणारे लोक ती कसरत वर्षानुवर्षे बिनचूक करत आले आहेत, पण ते कौशल्य सगळ्यांना असते असे नाही आणि सगळ्या वयांत टिकतही नाही. माझे टिकले नाही. उजवा गुडघा कुरकुरू लागला तेव्हा आधी टांग गेली. पायडल मारणे मात्र तसेच चालू राहिले, किंबहुना सपाट रस्त्यावर पायडल मारताना तो गुडघा चालण्यापेक्षा कमी दुखे.

पुरुषाने लेडीज सायकल चालवली तर लोक हसत नाहीत का?

पहिले दोन आठवडे हसतात. नंतर त्यांच्यापैकीच एखादा हळूच विचारतो की केवढ्याला मिळाली. पुरुषांना दांडी हवी आणि स्त्रियांना नको, हा भेद झग्यामुळे पडला होता, शरीरामुळे नव्हे. आणि झगा गेल्यावरही भेद तसाच राहिला. धोतर नेसणाऱ्या मंडळींनी ही सायकल आपण होऊन का स्वीकारली नाही, याचे मला आजही नवल वाटते.

चालवताना नेमके कसे वाटते?

पहिली जाणीव होते ती पाठीची. हँडल उंच आणि स्वाराकडे वळलेले असल्याने पाठ ताठ राहते, हात कोपरात सैल वाकतात आणि मनगटांवर भार जवळजवळ नसतो. खुर्चीत बसल्यासारखे वाटते असे म्हणणारे चुकत नाहीत, फक्त खुर्ची चालती आहे. मान वर न करता समोरचे दिसते आणि दोन मोटारींच्या टपांवरून पुढचा चौक न्याहाळता येतो, ज्याचा लक्ष्मी रोडसारख्या रस्त्यावर ब्रेकइतकाच उपयोग होतो. शरीराचा जवळजवळ सगळा भार सीटवर येतो, म्हणून सीट रुंद आणि स्प्रिंगांची असावी लागते. ज्या अरुंद, टणक सीटवर शर्यतीचा सायकलस्वार तासन्‌तास बसतो, ती या सायकलीला लावली तर पंधरा मिनिटांत पश्चात्ताप होतो.

दुसरी जाणीव हँडलची. या सायकलींचा पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, बराच तिरपा असतो. शर्यतीच्या सायकलीत तो जमिनीशी साधारण ७२-७३ अंशांचा कोन करतो, तर जुन्या घडणीच्या पोलादी सायकलींत हा कोन ६६ ते ६८ अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे पुढचे चाक स्वाराच्या बरेच पुढे राहते, सायकलीची लांबी वाढते, आणि मध्यम वेगात ती आपण होऊन सरळ जात राहते. एका हाताने घंटी वाजवताना किंवा वळण्यासाठी हात दाखवताना दुसरा हात बावरत नाही. याची किंमत अशी, की अगदी चालण्याच्या वेगात हँडल थोडे जड आणि डुलते वाटते, आणि बोळात झटकन वळायला ती कुरकुरते. तुळशीबागेच्या गर्दीत तिच्यावरून उतरून ती हातात धरून चालणेच बरे.

तिसरी गोष्ट सांगायला अवघड आहे. जड चाके एकदा फिरू लागली की सायकलीला एक संथ, एकसारखी लय येते आणि ती मोडण्याची इच्छा होत नाही. मागून कोणी हॉर्न वाजवला तरी आपण वेग वाढवत नाही, कारण वाढवून फारसा वाढतच नाही. घाईत निघालेला मी पोहोचेपर्यंत घाईत नसतो, असे अनेकदा झाले आहे. त्यात सायकलीचा वाटा किती आणि निवृत्तीचा किती, हे मात्र मला वेगळे काढता आलेले नाही.

वेग किती मिळतो?

समजा पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते आहेत, आणि चाकाचा घेर २.०७ मीटर आहे. मग पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ५० फेरे, म्हणजे गप्पा मारता येतील असा दम ठेवून, ताशी १५ किलोमीटर होतात. थांबे धरून शहरातली सरासरी त्याहून कमीच पडते, आणि तीन किलोमीटरला पंधरा मिनिटे धरावीत. संध्याकाळच्या वाहतुकीत स्कूटरला तेवढेच अंतर कापायला याहून फार कमी वेळ लागतो असे नाही.

वीस किलोची सायकल ओढवते का?

‘ओढणे’ हा शब्द सपाट रस्त्याला लागू होत नाही. तिथे वजनापेक्षा टायरमधली हवा आणि समोरचा वारा यांचाच जोर जास्त लागतो, आणि ताठ बसल्यामुळे वारा छातीवर घेतला जातो हे या सायकलीचे खरे ओझे आहे. बारा किलोची सायकल आणि वीस किलोची सायकल यांतला आठ किलोंचा फरक कागदावर मोठा दिसतो, पण ६५ किलोंचा माणूस धरून हिशेब केला तर ७७ आणि ८५, म्हणजे जेमतेम दहा टक्क्यांचा फरक उरतो. निघतानाच्या पहिल्या दोन-तीन पायडलांना तो जाणवतो. त्यावर जुना उपाय असा, की थांबतानाच एक पायडल वर, घड्याळात दोन वाजले असताना तास काटा असतो तसे आणून ठेवायचे, म्हणजे निघताना शरीराचा भार त्यावर टाकला की सायकल आपसूक सुटते.

चढ लागला तर?

चढावर मात्र ते दहा टक्के पुरेपूर वसूल होतात, आणि ताठ बैठकीमुळे पायांत हवा तसा जोर लावता येत नाही. आडवी दांडी नसलेल्या सांगाड्यावर उभे राहून पायडल मारायला गेले, तर तो किंचित पिळवटतो आणि जोर वाया गेल्यासारखा वाटतो. पेठांचा भाग बहुतांशी सपाट आहे. झेड ब्रिजचा चढ बसल्या बसल्या, दम खात निघतो. सेनापती बापट रस्त्याचा चढ मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा निम्म्यात उतरलो. तिथेही उतरणे सोपे होते, हाच काय तो दिलासा. चांदणी चौकाच्या बाजूला रोज जावे लागत असेल, तर गिअर नसलेली ही सायकल घेऊ नये. पर्वतीच्या पायथ्याशी तिला कुलूप लावून पायऱ्या चढाव्यात.

मग गिअरची घ्यावी का?

मागच्या चाकाच्या तुंब्यात, म्हणजे मधल्या हबमध्ये, बसवलेले तीन गिअर मिळत असतील तर अवश्य घ्यावेत, कारण ते बंद पेटीत असल्याने चिखल-धुळीचा त्यांना त्रास होत नाही, आणि सायकल उभी असतानाही गिअर बदलता येतो, जे सिग्नलला फार सोयीचे पडते. मूळच्या इंग्लंडातल्या स्टर्मी-आर्चर कंपनीचे असे तीन गिअर विसाव्या शतकाच्या आरंभापासून प्रसिद्ध आहेत. बाहेर लोंबणाऱ्या यंत्रणेचे सहा-सात गिअर आपल्याकडे सहज मिळतात, परंतु त्यांच्याबरोबर चेनकव्हर बहुधा जाते, आणि पायजम्याच्या डाव्या-उजव्या पायांत काळा-पांढरा असा फरक पडू लागतो.

दांडी नसल्याने सांगाडा कमकुवत होत नाही का?

शंका अगदी योग्य आहे. जेन्ट्स सायकलीचा सांगाडा त्रिकोणांचा बनलेला असतो, आणि त्रिकोण हा आकार दाबाखाली आपला कोन सोडत नाही. वरची दांडी खाली आणली की पुढचा त्रिकोण अरुंद होतो आणि हँडलची मान व सीट यांच्यामधला पीळ वाढतो. चांगला कारखाना हे नुकसान जाड नळ्या, दोन समांतर नळ्या किंवा जादा आडवा जोड देऊन भरून काढतो. म्हणूनच दणकट लेडीज सायकल तेवढ्याच दणकट जेन्ट्सपेक्षा कधी कधी जड भरते. एकट्या माणसाने शहरातल्या रस्त्यावर चालवताना सांगाडा मोडण्याची भीती बाळगू नये. पीळ जाणवतो तो मागे जास्त वजन असेल तेव्हा.

मागे किती सामान नेता येते?

भाजीच्या दोन पिशव्या, दहा किलोंची पिठाची गोणी, किंवा कॅरिअरला नीट बसवलेल्या आसनावर लहान मूल, इथपर्यंत काही अडचण नाही. वजन त्यापुढे गेले, आणि विशेषतः ते उंच बांधले, तर उतारावर हँडल डावी-उजवीकडे थरथरू लागते. अशा वेळी घाबरून जोरात ब्रेक मारू नये; दोन्ही गुडघे जवळ आणून सीटच्या पुढच्या टोकाला टेकवावेत, हँडल घट्ट न आवळता धरावे आणि वेग हळूहळू उतरू द्यावा. वजन शक्यतो खाली, चाकाच्या दोन्ही बाजूंना लोंबत्या पिशव्यांत विभागून न्यावे. मोठ्या माणसाला डबलसीट घेण्याचा सल्ला मी देणार नाही. जेन्ट्सच्या दांडीवर पुढे बसून फिरण्याची जी हौस एके काळी होती, ती या सायकलीवर अर्थातच भागत नाही, आणि याबद्दल आमच्या घरात एकदा खेदही व्यक्त झाला होता.

साडी, ओढणी, पायघोळ कपडे यांचे काय?

सायकल मुळात त्यासाठीच बनली आहे, तरी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. चेनकव्हर पूर्ण असावे, फक्त वरून झाकणारी पट्टी नसावी. आणि मागच्या चाकाच्या वरच्या भागाला दोन्ही बाजूंनी जाळी असावी. पूर्वीच्या सायकलींना ती दोऱ्यांची विणलेली येई, आता ती वेगळी सांगून बसवून घ्यावी लागते. पदर आणि ओढणी मागे न सोडता खोचून किंवा गाठ मारून घ्यावी. पदर चाकात गेला, तर सायकल थांबण्याआधी माणूस मागे ओढला जातो, म्हणून ही खबरदारी अनुभवी स्त्रियांनीही दर वेळी घ्यावी.

पावसाळ्यात ब्रेक लागतात का?

लागतात, पण उशिरा. लोखंडी, चकाकी दिलेली रिम ओली झाली की ब्रेकची रबरे तिच्यावरून घसरतात, आणि कोरड्यात जिथे सायकल थांबली असती तिथून ती बरीच पुढे जाते. जून ते सप्टेंबर मी ब्रेक दोन टप्प्यांत लावतो: आधी हलकेच दाबून रिमवरचे पाणी पुसून घ्यायचे, मग खरा दाब द्यायचा. अॅल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातही पकड पुष्कळच चांगली असते, त्यामुळे नवी चाके बसवायची असतील तर त्याच घ्याव्यात. तारेऐवजी सळयांनी चालणारे जुने ब्रेक दिसायला देखणे आणि वर्षानुवर्षे टिकणारे असतात, तथापि त्यांची रबरे रिमला आतून लागत असल्याने चाकाला थोडा जरी आउट आला, म्हणजे ते वेडेवाकडे फिरू लागले, की ती घासू लागतात. डच सायकलींत पायडल उलटे दाबले की लागणारा ब्रेक चाकाच्या तुंब्यात असतो आणि त्याला पावसाचे सोयरसुतक नसते. आपल्याकडे तो क्वचितच दिसतो.

सीट किती उंच ठेवावी?

लोक सीट फार खाली ठेवतात, कारण बसल्या जागी दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत असे त्यांना वाटते. तशा उंचीवर गुडघा कायम वाकलेला राहतो आणि तासाभरात दुखू लागतो. टाच पायडलवर ठेवली असता, पायडल सर्वांत खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ व्हावा, ही जुनी खूण बरोबर आहे. या उंचीवर बसून फक्त चवडे टेकतात. पण या सायकलीत थांबताना सीटवरून पुढे उतरून उभे राहायचे असल्याने ते पुरते, आणि उतरताना खाली दांडी नसल्याने काही लागण्याची भीती नसते. नवशिक्याने पहिला आठवडा सीट दोन बोटे खाली ठेवावी आणि धीर आला की वर घ्यावी.

खड्डे आणि गतिरोधक?

स्प्रिंगांची सीट लहान हादरे गिळते, मोठे गिळत नाही. खड्डा चुकवता येणार नसेल तर सीटवरून अर्धवट उठावे आणि वजन पायांवर घ्यावे. टायरमध्ये हवा ४५ ते ५० पौंडांच्या जवळपास असावी. दगडासारखी टणक हवा भरली तर दात वाजतात, आणि कमी ठेवली तर खड्ड्यात रिम ट्यूबला चावते. पुणे महापालिकेने २०१७ साली सायकलींचा आराखडा मंजूर केला खरा, परंतु जे सायकल ट्रॅक प्रत्यक्ष आहेत त्यांवर खांब, टपऱ्या आणि लावलेल्या दुचाकी यांमुळे उतरून चालण्याचा प्रसंग वारंवार येतो. अशा ट्रॅकवर ही सायकल चालवणाऱ्याची चिडचिड इतरांपेक्षा निम्मी होते.

देखभाल फार लागते का?

नाही. दर आठवड्याला हवा, महिन्याला चेनला दोन थेंब तेल, वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, छर्रे काढून नवे ग्रीस आणि चाकांचा आउट. सुटे भाग बहुतांशी लुधियानाहून येतात आणि साध्या सायकलींचे भाग एकमेकांना चालतात, म्हणून कोपऱ्यावरचा पंक्चरवालाही दुरुस्ती करू शकतो. हवा वारंवार उतरत असेल तर पंक्चर काढून घेण्याआधी वालट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी, पाहावी. दर पाच वेळांपैकी निदान दोनदा दोष तिथेच सापडतो, असा माझा अनुभव आहे.

जुनी घ्यावी की नवी?

सांगाडा सरळ असेल तर जुनी. मागे उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत दिसतात का ते पाहावे, आणि हँडलच्या मानेखाली, जिथे तिरक्या नळ्या जोडलेल्या असतात, तिथे रंगाला बारीक चीर गेली आहे का ते बोटाने तपासावे. तिथे चीर असेल तर सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नये. बाकी सारे बदलता येते.

ही सायकल कोणी घेऊ नये?

ज्यांना रोज दहा-बारा किलोमीटरच्या पुढे जायचे आहे, ज्यांच्या वाटेत मोठा चढ आहे, ज्यांना वेगाचा आनंद हवा आहे, आणि जे लिफ्ट नसलेल्या इमारतीत पहिल्या मजल्याच्या वर राहतात, त्यांनी.

लिफ्टचा काय संबंध?

जेन्ट्स सायकल दांडीत खांदा घालून जिन्याने वर नेता येते. हिला खांद्यावर घ्यायला दांडीच नाही. तिरकी नळी धरून उचलली तर हँडल फिरून पोटात येते आणि पायडल नडगीला लागते. आमच्या वाड्याच्या जागी इमारत झाली तेव्हा मी ती एकदाच दुसऱ्या मजल्यावर नेली आणि दोन जणांच्या मदतीने खाली आणली. तेव्हापासून ती जिन्याखाली, पाण्याच्या मीटरशेजारी, खिडकीच्या गजाला साखळीने बांधलेली असते.